नियम तुमचे, यंत्र फ्लेक्सचे

कंपायलरला प्रोग्रॅम दिसत नाही. त्याच्यापुढे येते ती अक्षरांची एक लांबच लांब रांग. ‘बेरीज = बेरीज + १०;’ ही ओळ आपण एका नजरेत वाचतो; कंपायलरच्या हाती मात्र एकेक अक्षर, रिकामी जागा, चिन्ह आणि ओळ संपल्याची खूण असे सुटे सुटे पडत राहते. त्या रांगेतून ‘हे नाव, हे बरोबरचे चिन्ह, ही संख्या, हा अर्धविराम’ असे तुकडे पाडणारा भाग म्हणजे स्कॅनर आणि त्या प्रत्येक तुकड्याला म्हणतात टोकन. व्याकरण तपासणारा पार्सर असो की शेवटी यंत्रभाषा लिहिणारा भाग, स्कॅनरच्या पुढचे सगळे टप्पे टोकनांवर काम करतात. मूळ फाइलमधल्या प्रत्येक अक्षराला हात लावणारा टप्पा हा एकच. तरीही कंपायलरच्या अभ्यासात त्याच्याकडे कारकुनी काम म्हणून पाहण्याची सवय आहे: दोन तासिकांत उरकायचे आणि ‘खऱ्या’ विषयाकडे वळायचे. हे पुस्तक त्या दोन तासिकांच्या विषयावर आहे आणि तो विषय एका पुस्तकाचा ऐवज आहे असे मला मनापासून वाटते.

तुकडा कुठे संपतो हे ठरवणे दिसते तितके सोपे नसते. जुन्या फोरट्रानमध्ये रिकाम्या जागेला काहीच अर्थ नव्हता. ‘डू १० आय = १,१०’ असे लिहिले तर ते एका लूपचे पहिले वाक्य. स्वल्पविरामाच्या जागी टिंब आले तर तेच ‘डू१०आय’ नावाच्या चलाला १.१० ही किंमत देणारे साधे वाक्य ठरते. म्हणजे पहिली दोन अक्षरे हा स्वतंत्र शब्द आहे की एका लांब नावाची सुरुवात, याचा निर्णय पुष्कळ पुढे जाऊन मग मागे वळून घ्यावा लागतो. सी++ मध्ये उलटी अडचण आली. शक्य तितका लांब तुकडा घ्यायचा हा स्कॅनरचा नेहमीचा नियम. त्यामुळे एकात एक बसवलेल्या टेम्प्लेटच्या शेवटी ‘>>’ असे जोडून लिहिले की स्कॅनर त्याला शिफ्टचे चिन्ह समजे. वर्षानुवर्षे प्रोग्रॅमर त्या दोन चिन्हांमध्ये मुद्दाम जागा सोडत आले. २०११ च्या सी++ मानकाने ही सक्ती काढली. एका टोकनाच्या हद्दीवरून एवढ्या मोठ्या भाषेचे मानक बदलावे लागले, यावरून या ‘कारकुनी’ टप्प्याचे वजन कळते.

असा स्कॅनर हाताने लिहिता येतो. एक लूप, आत अटींची रांग, प्रत्येक अटीत पुढचे अक्षर पाहणे. पहिल्या शंभर ओळींचे काम आनंदात होते. मग शेरे येतात, अवतरणचिन्हांतला मजकूर येतो, त्यातली तिरकी रेघ येते, दशांश संख्या येते, आणि कोणती अट कुणाच्या आधी हे डोक्यात ठेवणे अशक्य होऊन बसते. इथेच स्कॅनर घडवणारी साधने उपयोगी पडतात. त्यांना तुम्ही फक्त सांगायचे की नाव कसे दिसते, संख्या कशी दिसते, शेरा कुठून कुठपर्यंत असतो. ही वर्णने रेग्युलर एक्स्प्रेशनच्या भाषेत लिहायची आणि प्रत्येकापुढे ‘हे सापडले तर काय करावे’ याचा सी भाषेतला तुकडा जोडायचा. साधन त्यातून पूर्ण चालता स्कॅनर लिहून देते.

या सोयीमागे गणित आहे, आणि ते गणित कंपायलरसाठी जन्मलेले नाही. वॉरन मॅककुलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रारूप मांडले होते. १९५१ च्या उन्हाळ्यात तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना प्रश्न घेतला की असे जाळे कोणत्या प्रकारच्या घटना ओळखू शकेल. उत्तरासाठी त्यांनी तीन क्रिया पुरेशा मानल्या: एकामागून एक येणे, यापैकी एक असणे आणि कितीही वेळा पुन्हा येणे. हा निबंध १९५६ मध्ये छापला गेला आणि रेग्युलर एक्स्प्रेशनची गोष्ट तिथून सुरू झाली. १९५९ मध्ये मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांनी दाखवले की एकाच वेळी अनेक वाटा चालून पाहणारे यंत्र जे ओळखते, ते सगळे एका वेळी एकच वाट चालणारे यंत्रही ओळखू शकते. फक्त त्याला अवस्था जास्त लागतील. १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला तो याच कामासाठी. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनपासून थेट आयबीएम ७०९४ ची यंत्रभाषा तयार करण्याची रीत छापली. १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी लेक्स हे स्कॅनर घडवणारे साधन लिहिले. पुढे गुगलचे प्रमुख झालेले श्मिट ते हेच. लेक्सच्या मूळ अहवालात दोघांनी मोकळेपणाने नोंदवले आहे की लेक्सचे बाह्यरूप स्टीफन जॉन्सन यांच्या याक या पार्सर घडवणाऱ्या साधनावरून घेतले आहे आणि आतले यंत्र आल्फ्रेड आहो यांच्या कामावरून.

चेतापेशींवरचे गणित कित्येक वर्षांनी टोकन पाडण्याच्या कामी आले, हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. विद्यार्थ्याला ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ आणि ‘कंपायलर’ असे दोन वेगवेगळे विषय शिकवले जातात, वेगवेगळ्या सत्रांत, बहुधा वेगवेगळे शिक्षक. लेक्सच्याच धर्तीचे मुक्त साधन असलेल्या फ्लेक्सची एक लहानशी फाइल चालवून पाहिली की त्या दोन विषयांमधले कुंपण गळून पडते. तुम्ही लिहिलेल्या नियमांतून आधी अनेक वाटांचे यंत्र तयार होते. मग त्याच्या अवस्थांचे गट करून एका वाटेचे यंत्र बनते आणि शेवटी त्याची सारणी होते. सारणीत प्रत्येक अवस्थेसाठी एक ओळ, प्रत्येक अक्षरासाठी एक रकाना. ती जशीच्या तशी ठेवली तर अवाढव्य होईल, म्हणून फ्लेक्स सारखीच वागणूक मिळणारी अक्षरे एका वर्गात टाकतो आणि ओळी एकमेकींच्या रिकाम्या जागांत सरकवून बसवतो. स्कॅनर चालताना राहते ते एवढेच: अक्षर घ्या, सारणीत पाहा, पुढच्या अवस्थेत जा. दोन नियम एकाच वेळी लागू पडले तर लांब तुकडा ओळखणारा नियम जिंकतो; लांबी सारखी असेल तर फाइलमध्ये आधी लिहिलेला. म्हणूनच ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ यांचे नियम नावांच्या सर्वसाधारण नियमाच्या वर लिहावे लागतात. खाली लिहिले तर ते कधीच लागू होत नाहीत आणि फ्लेक्स तसा इशाराही देतो.

अवस्था जास्त लागतील हे रॅबिन आणि स्कॉट यांचे म्हणणे कागदावर निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. ‘अ’ आणि ‘ब’ या दोनच अक्षरांचा मजकूर घ्या आणि ‘शेवटून विसावे अक्षर अ असावे’ एवढीच अट घाला. रेग्युलर एक्स्प्रेशन एका ओळीत लिहून होते, पण एका वाटेच्या यंत्राला किमान १०,४८,५७६ अवस्था लागतात, कारण शेवटची वीस अक्षरे कोणती होती हे त्याला लक्षात ठेवावे लागते. सुदैवाने प्रोग्रॅमिंगच्या भाषांतली टोकने असली नसतात. संगणकांच्या जाळ्यावरून येणाऱ्या संदेशांत हल्लेखोरांच्या खुणा शोधायच्या असतील तर मात्र ही भीती खरी ठरते. फ्लेक्सचे लेखक व्हर्न पॅक्सन यांनी पुढे ब्रो ही घुसखोरी ओळखणारी प्रणाली लिहिली, आज ती झीक म्हणून ओळखली जाते. तिच्यात यंत्राची प्रत्येक अवस्था आधी बांधून न ठेवता जेव्हा तिची गरज पडेल तेव्हाच बांधली जाते. एकाच माणसाने एकच गणित दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वापरले ते गरज ओळखून, आणि विद्यार्थ्याने नेमके हेच शिकावे असे मला वाटते.

आता फ्लेक्सला लावलेल्या ‘मुक्त’ या शब्दाकडे. लेक्स युनिक्सबरोबर यायचे आणि युनिक्सचा परवाना एटी अँड टीचा होता. परवाना नसलेल्या माणसाला ते उघडून पाहता येत नव्हते, बदलता येत नव्हते, वाटता येत नव्हते. पॅक्सन यांनी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८७ च्या सुमारास फ्लेक्स सी भाषेत लिहिले. त्याची आधीची आवृत्ती जेफ पॉस्कॅन्झर यांची होती. वेगवान सारण्यांची कल्पना व्हॅन जेकबसन यांची. इंटरनेटवरची कोंडी आवरणारे टीसीपीचे नियम ज्यांच्या नावाशी जोडले जातात तेच हे जेकबसन. फ्लेक्स हे जीएनयू प्रकल्पाचे साधन आहे असा समज सर्रास आढळतो, कारण ते जीएनयूच्या बायसन या पार्सर घडवणाऱ्या साधनाबरोबर जोडीने वापरले जाते. प्रत्यक्षात त्याचा परवाना बर्कली परंपरेतला आहे.

परवान्याच्या एका बारकाव्याकडे मी वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधतो. स्कॅनर घडवणारे साधन स्वतःच्या पोटातला एक तयार सांगाडा तुमच्या फाइलमध्ये उतरवते आणि त्यात तुमच्या नियमांच्या सारण्या भरते. मग जन्माला आलेली फाइल कुणाची? सांगाड्याच्या लेखकाची की तुमची? फ्लेक्सने हा प्रश्न सुरुवातीलाच मिटवला: सांगाड्यावर कोणताही हक्क सांगितलेला नाही, निर्माण झालेल्या स्कॅनरचे तुम्ही काहीही करू शकता. बायसनला इथवर यायला वेळ लागला. १.२४ आवृत्तीच्या आधी बायसनने घडवलेले पार्सर फक्त मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येत. पुढे सी भाषेतल्या नेहमीच्या पार्सरना सूट मिळाली आणि २.२ पासून ती सर्वांना लागू झाली. माझ्या मते फ्लेक्सची भूमिका पहिल्यापासून बरोबर होती. हत्यार बनवणाऱ्याचा हक्क हत्यारावर असावा, त्या हत्याराने दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर नसावा.

महाराष्ट्रातल्या संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय बहुधा लेक्स या नावानेच भेटतो. पुणे विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकांत लेक्स आणि याक असत, पवईच्या आयआयटीतील धनंजय ढमढेरे यांच्या सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तकाने कित्येक पिढ्यांना टोकन म्हणजे काय ते सांगितले. पण प्रयोगशाळेतल्या लिनक्सवर ‘लेक्स’ ही आज्ञा दिली तरी चालतो तो फ्लेक्सच, हे क्वचितच कुणी सांगते. तयार झालेली सीची फाइल उघडून पाहा असे तर त्याहून कमी वेळा सांगितले जाते. या पुस्तकात ती पहिल्याच प्रकरणात उघडली आहे. आत आकड्यांच्या लांबलचक सारण्या दिसतात आणि पहिल्यांदा धडकी भरते, पण त्या तुमच्याच नियमांच्या सारण्या आहेत आणि त्या वाचता येतात.

आज ही साधने कुठे आहेत? पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसला तुम्ही दिलेली प्रत्येक एसक्यूएल आज्ञा आधी फ्लेक्सने घडवलेल्या स्कॅनरमधून जाते. तिथे एक शिस्त पाळली जाते ती समजून घेण्यासारखी आहे. लांबातला लांब तुकडा शोधताना स्कॅनर कधी कधी पुढे जातो, तिथे काहीच जुळत नाही, आणि मग शेवटी जुळलेल्या जागी मागे यावे लागते. अशी मागे येण्याची एकही शक्यता उरली नाही तर फ्लेक्स अधिक वेगवान यंत्र देऊ शकतो. एक जरी उरली तरी तो लाभ जातो. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलचे नियम असे रचले आहेत की मागे यावेच लागू नये, आणि बांधणीच्या वेळी ते तपासलेही जाते. लिनक्स कर्नल ४.१६ आवृत्तीपासून बांधायचा तर यंत्रावर फ्लेक्स आणि बायसन असावे लागतात. त्याआधी तयार झालेल्या फाइलीच सोबत दिल्या जात. पीएचपीने ५.३ पासून फ्लेक्स सोडून आर-ई-टू-सी घेतले. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात पीटर बंबुलिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेले हे साधन सारण्या न बनवता थेट उड्या मारणारा कोड लिहिते आणि बफर कसा भरायचा हे पूर्णपणे तुमच्यावर सोडते. त्यामुळे ते शिकायला जड, पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवायला फार सोयीचे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: जीसीसी आणि क्लँग या दोन्ही मोठ्या कंपायलरांचे सी भाषेचे स्कॅनर हाताने लिहिलेले आहेत. सीमध्ये एखादे नाव प्रकाराचे आहे की चलाचे हे आधीच्या घोषणांवरून ठरते, मॅक्रो आणि शेरे यांचे नियम गुंतागुंतीचे आहेत आणि चूक दाखवताना नेमकी जागा सांगायची असते. अशा वेळी हाताने लिहिणे योग्यच. मात्र त्याच जीसीसीच्या आत, स्वतःचाच स्रोत वाचून स्मृतीची व्यवस्था लावणाऱ्या जेन-जी-टाइप या लहान प्रोग्रॅमसाठी फ्लेक्स वापरलेला आहे. मोठ्या, स्थिर, वीस वर्षे टिकणाऱ्या भाषेसाठी हात; आज लिहून उद्या बदलायच्या भाषेसाठी साधन, अशी विभागणी मला पटते. आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारची कामे येतात: कॉन्फिगरेशनच्या फाइली, नोंदवह्या, एखादी छोटी प्रश्नभाषा.

साधनाने लिहिलेला कोड म्हणजे आपोआप सुरक्षित कोड असे मात्र कुणी समजू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुगलच्या सुरक्षा पथकातील टॅव्हिस ऑरमंडी यांना दिसले की क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरकडून येणाऱ्या पानांत भलत्याच संकेतस्थळांची खासगी माहिती मिसळून येते आहे. मूळ सापडले ते रॅगल या साधनाने घडवलेल्या एचटीएमएल वाचणाऱ्या कोडमध्ये. रॅगल ज्या नियमांतून तो कोड घडवत होता ते माणसांनी लिहिले होते. चुकीच्या एचटीएमएलसाठीच्या एका शाखेत वाचनाची जागा एक पाऊल मागे घ्यायची राहिली. बफरच्या अगदी शेवटी ती शाखा लागली की जागा शेवट ओलांडून पुढे जाई. निर्माण झालेला कोड बरोबरीच्या खुणेने विचारत होता, ‘शेवटाशी पोचलो का?’ ओलांडून गेल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर कायम ‘नाही’ येत राहिले आणि वाचन शेजारच्या स्मृतीत शिरले. ही चूक वर्षानुवर्षे झोपून होती. आजूबाजूची बफरची रीत बदलल्यावर ती जागी झाली. निर्माण झालेली फाइल वाचण्याचा आग्रह मी धरतो तो अशा कारणांसाठी. नियमांमध्ये ही गफलत दिसणे अवघड होते, निर्माण झालेल्या कोडमध्ये बरोबरीची ती खूण डोळ्यांसमोर होती.

शेवटी आपल्या लिपीचा प्रश्न. फ्लेक्स बाइट वाचतो, अक्षरे वाचत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते: पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ यांपैकी काहीही. म्हणून ‘देवनागरी चिन्ह’ असा नियम फ्लेक्समध्ये सहज लिहिता येतो आणि मराठी नावांचे चल असलेली छोटी भाषा त्यावर उभी राहते. त्यात स्वर, व्यंजने, मात्रा आणि हलन्त सगळे एकाच नियमात येते, हा फायदा लहान नाही. जावाच्या जगातले जेफ्लेक्स वापरून ल्युसीन या शोधप्रणालीचा शब्द पाडणारा भाग तयार होतो. जुन्या आवृत्त्यांत ‘अक्षर’ या वर्गात मात्रा बसत नसत, त्यामुळे ‘पुस्तक’ या शब्दाचे ‘प’, ‘स’, ‘तक’ असे तुकडे पडत आणि मराठी मजकुरात शोध घेणे जवळपास निरर्थक होई. २०११ मधील ३.१ आवृत्तीत युनिकोडच्या शब्दसीमेच्या नियमांवर तो भाग नव्याने बांधला गेला आणि शब्द अखंड राहू लागले. नियमांची फाइल उघडी होती म्हणूनच तिच्यातला दोष नेमका दाखवता आला.

तरीही मराठीची एक खास गाठ उरतेच. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे शून्य रुंदीचा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण त्या जोडकाचे बाइट २२६, १२८ आणि १४१ आहेत. वरचा तीन बाइटांचा नियम २२४ वर अडून बसतो आणि ‘दुसऱ्या’ शब्दाचे तिथेच दोन तुकडे होतात. जोडक नियमात घेतला तर शब्द सांधतो, पण मग एकाच नावाची दोन वेगळी टोकने तयार होतात आणि प्रोग्रॅम सांगतो की हा चल घोषितच केलेला नाही. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही या दोन रूपांना एक करत नाही. त्यासाठी नावाच्या नियमापुढच्या सीच्या तुकड्यात स्वतः बदल करून, दोन्ही रूपे एका रूपात आणून मगच नावांच्या कोष्टकात टाकावी लागतात. शेवटच्या प्रकरणातला मोठा स्वाध्याय तोच आहे. त्यासाठी लागणारी फ्लेक्सची फाइल साठ ओळींच्या आत बसते आणि चाचणीसाठी ‘दुसऱ्या’ हा एकच शब्द, दोन्ही रीतींनी टाइप केलेला, पुरेसा आहे.